डब्यातली जपानी मोची

फोनवर आलेल्या एका प्रश्नामुळे आजचा विषय निघाला. आपल्या एका ऐकणाऱ्या ताईंनी विचारलं होतं, "मुलगा पुण्याहून मोची नावाचा खाऊ घेऊन आलाय. पांढरे मऊ गोळे आहेत. डब्यावर सगळी चिनी-जपानी अक्षरं. ह्यात असतं काय, आणि दोन वर्षांच्या नातवाला द्यायचा का?" प्रश्न साधा वाटला, पण उत्तर द्यायला आम्ही बसलो तेव्हा लक्षात आलं की एक डबा आणून, फोडून, वाचून आणि खाऊन पाहिल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. मग गटाच्या बैठकीला तसा एक डबा मागवला.

नावावरून आधी हसू झालं. आपल्याकडे मोची म्हणजे चपला-जोडे शिवणारा कारागीर. जपानी भाषेतल्या मोचीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तिकडे चिकट तांदूळ वाफवून, कुटून केलेल्या लवचीक गोळ्याला मोची म्हणतात. त्या गोळ्याच्या पोटात गोड सारण भरलं की त्याला 'दाइफुकु' हे वेगळं नाव आहे, आणि दुकानात डब्यांमधून मिळते ती बहुतेक वेळा ही सारणाची मोचीच असते. आमच्या डब्यात सहा नग होते, वजन २१० ग्रॅम, म्हणजे एक नग ३५ ग्रॅमचा. किंमत साडेतीनशे रुपये. हिशोबात पक्क्या असलेल्या आमच्या एका काकूंनी लगेच सांगितलं, एक गोळा अठ्ठावन्न रुपयांना पडला.

खाण्याआधी डबा वाचला. पुढच्या बाजूला 'जपानी मोची' असं मोठं छापलेलं होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात तयार करणारा देश होता तैवान. ह्यात फसवणूक समजू नका. तैवान बेटावर १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षं जपानची सत्ता होती, आणि मुळातच तिथे चिकट तांदळाचे असेच गोळे करायची स्वतःची रीत आहे. त्यामुळे तिथले कारखाने जपानी धर्तीची मोची करून जगभर पाठवतात. बेळगावचा कुंदा दुसऱ्या गावच्या हलवायाने केला तरी आपण त्याला बेळगावी कुंदाच म्हणतो, तसंच हे. पण ज्याला जपानमध्येच केलेली हवी असेल त्याने पुढचं नाव न पाहता मागची ओळ पाहावी.

डब्यावर एक पांढरी चिकटपट्टी होती, इंग्रजीत. परदेशी खाऊच्या डब्यावर सगळ्यात कामाची गोष्ट हीच. आपल्या देशात रीतसर आलेल्या खाद्यपदार्थावर तो मागवणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह आणि चौदा आकडी परवाना क्रमांक असावा लागतो. शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, मांसाहारीला तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण. जपानमध्ये असा ठिपका लावायची पद्धत नाही. म्हणून कोणी बॅगेतून थेट तिकडून आणलेल्या डब्यावर तो दिसणार नाही, आणि न दिसल्यावरून काही ठरवताही येणार नाही. मोची मुळात तांदूळ, साखर आणि कडधान्य एवढ्याचीच. पण काही प्रकारांच्या सारणात जिलेटिन असतं, आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात. काहींत अंडं किंवा दूध असतं. ज्यांच्या घरी हे चालत नाही त्यांनी ठिपका नसेल तर घटकांची यादी कोणाकडून तरी वाचून घ्यावी. आता मोबाइलचा कॅमेरा अक्षरांवर धरला की भाषांतर होतं, शाळेत जाणारी पोरंसोरं ते करून देतात.

तारीख वाचताना मात्र जपून. जपानमध्ये आणि तैवानमध्ये वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहितात. डब्यावर २६.०३.११ असेल तर आपण सवयीने २६ मार्च २०११ वाचू आणि शिळा माल म्हणून फेकून देऊ. ती खरं तर २०२६ सालच्या मार्चची ११ तारीख असते. जपानी डब्यावर आणखी एक बारकावा आहे. चव उत्तम राहण्याची मुदत आणि खाण्यालायक राहण्याची मुदत, ह्यांना तिकडे दोन वेगळे शब्द आहेत. ताज्या, दुकानात त्याच दिवशी केलेल्या मोचीवर दुसरा शब्द असतो. डबाबंद मोचीवर बहुधा पहिला.

आता घटक. यादीत जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहायचं असा नियम असतो. आमच्या डब्यावर पहिलं नाव होतं माल्टोज, म्हणजे धान्याच्या पिठापासून केलेली साखरच. त्यानंतर लाल कडधान्य, चिकट तांदळाचं पीठ, पुन्हा साखर. म्हणजे वरून भाताचा गोळा दिसला तरी वजनाने ती आधी साखर आहे. मागे तक्ता असतो त्यात शंभर ग्रॅमला साखर किती ते दिलेलं असतं. समजा तिथे चाळीस ग्रॅम लिहिलंय, तर ३५ ग्रॅमच्या एका नगात चौदा ग्रॅम, साधारण तीन चहाचे चमचे. साखरेचा आजार असलेल्यांनी हा हिशोब करूनच हात पुढे करावा.

डबा उघडल्यावर आत एक लहानशी पुडी निघाली. ती मसाल्याची नाही. तिच्यात बारीक लोखंडाची भुकटी असते. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, हे आपल्या तव्या-विळ्यांवरून आपल्याला ठाऊक आहेच. तेच काम ही पुडी बंद पिशवीच्या आत करते, मग बुरशीला वाढायला हवाच मिळत नाही. पुडी फोडायची नाही, मुलांच्या हाती द्यायची नाही, उघडल्या उघडल्या कचऱ्यात टाकायची.

गोळ्यावर पांढरं पीठ भुरभुरलेलं होतं. ते मक्याचं किंवा बटाट्याचं सत्त्व, बोटांना चिकटू नये म्हणून. दाबला तर दबतो आणि हळूहळू परत वर येतो. आमच्यातल्या एकीने म्हटलं, बाळाच्या गालासारखा. चावल्यावर पहिल्यांदा जाणवला तो ताण. तुटत नाही, लांबतो. आपल्या उकडीच्या मोदकाची पारी दातांखाली सहज तुटते, ही ओढ देते. आतलं सारण गडद लाल, मऊ, पुरणासारखं. चव पुरणाच्या जवळ जाणारी, पण वेलची नाही, जायफळ नाही, तूप नाही, गूळ नाही. एका आजींचं मत पडलं, "पुरण आहे पण सणाचा वास नाही." दोघी-तिघींना ते फार आवडलं. बाकीच्यांना एक पुरे झाला. आमचं विचाराल तर आवरण छान, सारण सपक.

ते सारण अझुकी नावाच्या लहान लाल दाण्याचं. ते मूग, मटकी, उडीद, चवळी ह्यांच्याच कुळातलं आहे, राजम्याच्या कुळातलं नाही. दाणे उकळून पहिलं पाणी ओतून टाकतात, म्हणजे तुरटपणा जातो. मग शिजवून, घोटून, साखर घालून आटवतात. ह्याला ते 'आंको' म्हणतात. त्यात दोन तऱ्हा. एकात दाणे थोडे अख्खे ठेवतात, दुसऱ्यात चाळणीतून घासून साली काढतात आणि अगदी मऊ करतात. पुरणयंत्राशी ज्यांची गाठ आहे त्यांना ह्यापुढे काही समजवायची गरज नाही.

खरी गंमत तांदळात आहे. मोची इंद्रायणीची किंवा आंबेमोहोराची का होत नाही? आम्ही आंबेमोहोराच्या पिठीत साखर-पाणी घालून वाफवून, खूप मळून पाहिलं. गोळा मऊ झाला, गोड झाला, पण ओढला की तुटला. तांदळाच्या पिष्टात दोन प्रकारचे कण असतात. एक सरळ साखळीचे, त्यांना अमायलोज म्हणतात. दुसरे झाडासारखे फांद्या फुटलेले, ते अमायलोपेक्टिन. आपल्या रोजच्या तांदळात सरळ साखळ्या बऱ्यापैकी असतात, म्हणून भात मोकळा होतो. इंद्रायणी, आंबेमोहोरात त्या थोड्या कमी, म्हणून तो गिजगा, मऊ. जपानच्या 'मोचीगोमे' तांदळात त्या नावापुरत्याच असतात, जवळजवळ सगळं फांद्यावालं. ह्या फांद्या एकमेकींत अडकतात आणि कुटल्यावर तर पार गुंतून जातात, म्हणून ओढ येते. इंग्रजीत ह्या तांदळाला 'ग्लुटिनस' म्हणतात, त्यावरून गव्हातलं ग्लुटेन असेल असा समज होतो. तसं नाही. त्या शब्दाचा अर्थ इथे चिकट एवढाच. मात्र गहू वर्ज्य असलेल्यांनी तरीही यादी पाहावी, कारण सारणात किंवा चवीच्या पदार्थांत गहू येऊ शकतो.

असा चिकट तांदूळ आपल्या देशात नाही असं नव्हे. आसामात बोरा चावल आहे, त्याचे पिठे करतात. मणिपूरचा काळा, सुवासिक चाक-हाओ तांदूळही चिकटच आहे आणि त्याला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळालं.

जपानमध्ये घरची मोची करायची रीत मोठी मेहनतीची. तांदूळ रात्रभर भिजत घालायचा, सकाळी वाफवायचा, गरम असतानाच लाकडी किंवा दगडी उखळात टाकून लांब दांड्याच्या लाकडी मोगरीने कुटायचा. एकजण मोगरी मारतो आणि दोन घावांच्या मधल्या क्षणात दुसरा ओला हात घालून गोळा उलटतो. ताल चुकला तर हात गेला. उखळावर दोघींनी मुसळ चालवलं असेल त्यांना हा ताल ठाऊक आहे. हे काम वर्ष संपताना, नव्या वर्षासाठी, सगळी आळी जमून करतात. डब्यातली मोची अशी कुटत नाहीत. तिथे चिकट तांदळाचं पीठ, पाणी आणि साखर एकत्र शिजवून घोटतात.

डब्यातली मोची महिनोन्‌महिने मऊ कशी राहते, हा प्रश्न आमच्या गटातल्या खाऊ विकणाऱ्या मैत्रिणींना जास्त महत्त्वाचा वाटला. शिजलेलं पिष्ट थंड झालं की त्याचे कण पुन्हा ओळीत बसायला लागतात आणि पाणी सोडतात. म्हणून भाकरी दुसऱ्या दिवशी वातड होते, फ्रिजमधला भात कडक होतो. नुसत्या तांदळाची मोचीही तशीच, एक-दोन दिवसांत दगड. जपानी लोक ती कडक झालेली भाजून किंवा रश्श्यात टाकून परत मऊ करतात. पण भरपूर साखर घातली की साखर पाणी धरून ठेवते आणि कणांना ओळीत बसू देत नाही. माल्टोज आणि ट्रेहॅलोज ह्या साखरा ह्या कामात विशेष चांगल्या. ट्रेहॅलोज पूर्वी फार महाग होती, १९९० च्या दशकात जपानमध्ये ती पिष्टापासून स्वस्तात तयार करायची युक्ती सापडली. शिवाय साखरेने पाणी बांधलं की बुरशीलाही ते मिळत नाही, आपला मोरांबा टिकतो तो ह्याच कारणाने. म्हणून डब्यातली मोची फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे ती उलट लवकर कडक होते. सावलीत, कोरड्या जागी ठेवा आणि उघडलेली पिशवी लगेच संपवा.

आता त्या ताईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग. दोन वर्षांच्या नातवाला मोची द्यायची नाही. तुकडा करूनही नाही. हे आम्ही आमच्या मनाने सांगत नाही. ज्या देशात मोची शेकडो वर्षं खातात, त्याच देशात दर वर्षी नव्या वर्षाच्या दिवसांत ती घशात अडकून माणसं दगावतात, बहुतेक म्हातारी. टोकियोमध्ये रुग्णवाहिका अग्निशमन दलाच्या हाताखाली असतात, आणि ते दल दर डिसेंबरात लोकांना सावध करतं. मोची बोटाच्या पेराएवढी बारीक कापा, आधी चहा किंवा कढणाचा घोट घेऊन घसा ओला करा, घाई न करता चावा, म्हाताऱ्या माणसाला एकट्याने खाऊ देऊ नका.

कारण साधं आहे. बिस्कीट अडकलं तर थुंकीने विरघळतं. मोची विरघळत नाही, तुटत नाही, आणि घशात नळीला चिकटते. लहान मुलांच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात, म्हाताऱ्यांना दात नसतात आणि गिळण्याची ताकद कमी झालेली असते. अर्धांगवायू होऊन गेलेल्या माणसाला तर अशी वस्तू देऊच नये. आमच्या बैठकीत कवळी असलेल्या दोन आजी होत्या. त्यांना आम्ही आवरण बाजूला काढून नुसतं सारण चमच्याने दिलं. त्यांची तक्रार नव्हती, एकीने तर दुसऱ्यांदा मागितलं.

तरीही कोणाच्या घशात काही अडकलंच तर काय करायचं, ते इथे सांगून ठेवतो, कारण ते मोचीपुरतं नाही, चिकूच्या बीपासून पेढ्यापर्यंत सगळ्याला लागू आहे. माणूस खोकू शकत असेल, बोलू शकत असेल तर त्याला जोराने खोकू द्या, पाठीत थापटू नका, पाणी पाजू नका. खोकला बंद झाला, आवाज निघेना, हात गळ्याकडे गेला, ओठ निळे पडू लागले, तर त्याला पुढे वाकवा आणि दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये तळव्याच्या टाचेने पाच जोरदार धपके द्या. नाही निघालं तर मागून मिठी घालून, एका हाताची मूठ बेंबीच्या वर आणि फासळ्यांच्या खाली धरून, दुसऱ्या हाताने ती पकडून आत-वर असे पाच झटके द्या. पुन्हा पाच धपके, पुन्हा पाच झटके. गरोदर बाईला पोटावर झटका द्यायचा नाही, छातीच्या मधोमध द्यायचा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली असं धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाचदा दाब. तोंडात न दिसणाऱ्या वस्तूसाठी बोट घालायचं नाही, ती आणखी आत जाते. एकीने हे करायचं आणि दुसरीने त्याच वेळी १०८ ला फोन लावायचा. माणूस बेशुद्ध झाला तर आडवा करून छाती दाबायला सुरुवात. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ह्याचं प्रात्यक्षिक मागून घ्या, ऐकून शिकण्यापेक्षा ते पाहून पटकन येतं.

एवढं ऐकल्यावर वाटेल की मग तिकडचे लोक खातात तरी कशाला. त्यांच्यासाठी मोची नुसता खाऊ नाही. नव्या वर्षाला घराघरांत मोचीच्या दोन चपट्या गोल चकत्या, मोठीवर लहान अशा रचून देवासमोर मांडतात. जानेवारीत, बऱ्याच ठिकाणी ११ तारखेला, त्या वाळून कडक झालेल्या मोचीचे तुकडे करून खातात. पण सुरी लावत नाहीत. पूर्वीच्या लढवय्यांच्या घरांत सुरीचा संबंध पोट फाडून घेण्याशी जोडला जाई, म्हणून हाताने किंवा हातोडीने फोडतात आणि त्याला 'फोडणं' न म्हणता 'उघडणं' म्हणतात. हे वाचल्यावर आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आपण नारळ फोडतो, पण देवापुढे म्हणताना तो 'वाढवतो'.

दुसरा धागा चंद्राचा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीच्या आसपास, जपानी लोक तांदळाच्या पिठाचे गोळे आणि गवताचे तुरे मांडून चंद्र पाहतात. आणि मुलांना सांगतात, तो बघ, चंद्रावर ससा मोची कुटतोय. आपण चंद्राला शशी म्हणतो, शशांक म्हणतो, शश म्हणजे ससा. ही निव्वळ योगायोगाची गोष्ट नाही. भुकेल्या पाहुण्याला द्यायला काही नाही म्हणून सशाने स्वतःला आगीत झोकून दिलं आणि त्याची आठवण म्हणून इंद्राने त्याचं चित्र चंद्रावर काढलं, ही कथा आपल्याकडच्या जातककथांतली. बौद्ध धर्माबरोबर ती जपानपर्यंत गेली आणि तिथल्या जुन्या कथासंग्रहात आजही आहे. सशाचं मोची कुटणं मात्र तिकडे गेल्यावर आलं.

शेवटी गटातला नेहमीचा प्रश्न, हे आपल्याला करून विकता येईल का. चिकट तांदळाचं पीठ मोठ्या शहरांत मिळतं, पण महाग. घरी केलेली मोची टिकते एक-दोन दिवस. डब्यातल्यासारखी महिनोन्‌महिने टिकवायची तर माल्टोज, लोखंडाची पुडी, हवाबंद यंत्र सगळं आलं, आणि आपल्या बाजारात गिऱ्हाईक किती हा प्रश्न उरतोच. आमच्या मते नुसती नक्कल परवडणार नाही. पण ह्यातून काही वेगळं काढणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगण्यासारखी आहे. फ्रान्सिस हाशिमोतो. अमेरिकेत जन्मलेली, जपानी वंशाची. जन्म १९४३ चा, तोही नजरकैदेच्या छावणीत, कारण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं होतं. मोठी होऊन ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. लॉस एंजेलिसला तिच्या घरचं, मिकावाया नावाचं १९१० पासूनचं जपानी मिठाईचं दुकान होतं. १९७० साली, सत्ताविसाव्या वर्षी, तिने शाळा सोडून ते चालवायला घेतलं.

मोचीत आइस्क्रीम भरायची कल्पना तिच्या पतीची. जपानमध्ये एका मोठ्या कंपनीने १९८१ पासून तसा पदार्थ विकायला काढला होता, पण अमेरिकेत तो फारसा कोणाला ठाऊक नव्हता. अडचण तीच, जी आपण वर पाहिली. गोठवल्यावर आवरण कडक होतं, आणि आवरण गरम असताना भरायला जावं तर आइस्क्रीम वितळतं. त्यावर बरेच प्रयोग करून तिने १९९० च्या दशकात तो पदार्थ बाजारात आणला. आंबा, स्ट्रॉबेरी, हिरवा चहा अशा चवी ठेवल्या. लाल कडधान्याचं गोड सारण बघून नाक मुरडणारे लोक आइस्क्रीम म्हटल्यावर खायला लागले, आणि आज अमेरिकेत मोची म्हटलं की पुष्कळांना तेच आठवतं. २०१२ साली ती वारली.

आमच्या गटातल्या मोदकवाल्या वहिनींनी ही गोष्ट ऐकून विचारलं, उकडीच्या मोदकाची पारी दुसऱ्या दिवशी तडकते, तिच्यात थोडा बोरा तांदूळ घातला तर? त्यांनी एका ओळखीच्या आसामी कुटुंबाकडून दोन किलो मागवलाय. दहाला एक, दहाला दोन आणि दहाला तीन अशा मापांनी तीन घाणे करायचे ठरलेत. एकेका घाण्यातले चार मोदक दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून ठेवायचे आणि चार फ्रिजमध्ये, मग परत वाफवून बघायचे. तुमच्यापैकी कोणी आधीच असं करून पाहिलं असेल तर माप फोनवर कळवा.